जीपला इंजिन शोधताना आधी आरसी बुक उघडा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्याकडे 1993 ची महिंद्रा एमएम 540 डीपी आहे, फोर व्हील. वडिलांनी नवी कोरी घेतलेली, कागद सगळे आमच्याच नावावर, पासिंग 2028 पर्यंत आहे. शेतमाल आणि खताची पोती तिच्यावरच येतात-जातात. गेल्या वैशाखात टोमॅटोचे क्रेट भरून चढावर असताना गाडी प्रचंड तापली आणि बंद पडली. आता ऑइलमध्ये पाणी उतरतंय, डिपस्टिक काढली की दुधाच्या चहासारखा रंग दिसतो. संगमनेरचा गॅरेजवाला म्हणतो, ब्लॉकला तडा गेलाय, इंजिन संपलं. भंगारातल्या बोलेरोचं डीआय इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो म्हणाला. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, जपानी डिझेल टाक, गाडी पळेल. आई म्हणते, भंगारात द्या आणि मोकळे व्हा. मला जीप ठेवायची आहे. तिला नेमकं कोणतं इंजिन बसेल? कागदपत्रांचं काय करावं लागेल?

— एक वाचक, अकोले तालुका

उत्तर

नमस्कार. जीप ठेवायची हे तुमचं ठरलेलं आहे आणि मला ते पटतं. गाडी तुमच्या कामाची आहे, पासिंग शिल्लक आहे आणि मालक पहिल्यापासून एकच आहे. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीत या तीन गोष्टी एकत्र क्वचित मिळतात.

पण तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानेही आरसी बुक उघडलेलं दिसत नाही. इंजिन तीन ठिकाणी बसावं लागतं: मागच्या गिअरबॉक्सला, खालच्या चासीला आणि आरसीवरच्या नोंदीला. गॅरेजमध्ये पहिल्या दोन ठिकाणी वेल्डिंग करून काहीही बसवता येतं. तिसऱ्या ठिकाणी वेल्डिंग चालत नाही. म्हणून मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटाकडून, म्हणजे कागदाकडून विचार करत देणार आहे.

त्याआधी एक शंका. ब्लॉकला तडा गेलाय हे कशावरून ठरलं? ऑइलमध्ये पाणी उतरणं हे लक्षण आहे, निदान नव्हे. तापलेल्या इंजिनात हेड गॅस्केट जळतं, हेड वाकतं, हेडला व्हॉल्व्हच्या सीटजवळ केसासारखी चीर जाते, आणि या सगळ्यांत ऑइल अगदी तसंच दिसतं. तुमच्या जीपमधलं प्यूजो इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. त्यामुळे उष्णतेचा मोठा मार हेड खातं. अशा इंजिनात ब्लॉकच्या आधी हेडवर संशय घ्यायचा असतो. तेव्हा हेड उतरवलं असेल तर ते मशीन शॉपमध्ये न्या. तिथे पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. चीर असेल तर बुडबुडे दिसतात. ब्लॉकचीही तशीच प्रेशर टेस्ट होते, पण त्यासाठी तो पूर्ण मोकळा करावा लागतो. ब्लॉकच्या वरच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी धरून फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा, किती वाकलाय ते कळेल. ही तपासणी तुमच्या समोर करून घ्या. तोंडी निकालावर इंजिन फेकून देऊ नका.

हेडच गेलं असेल तर गोष्ट बरीच छोटी आहे. दुसरं हेड, नवीन गॅस्केट, नवे हेड बोल्ट, फेसिंग, आणि हात घातलाच आहे तर बेअरिंग बघून घ्यायची, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन जरा जरी चाललं असेल तरी पहिला फटका बेअरिंगना बसतो. इंजिनचा नंबर तोच राहतो आणि आरटीओचा विषयच येत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, झिजले असतील तर बोअर काम करून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा लायनर, क्रँक ग्राइंडिंग, हे सगळं तालुक्याच्या ठिकाणी होतं. असं पूर्ण काम केलेलं स्वतःचं इंजिन हे भंगारातून आणलेल्या अनोळखी इंजिनापेक्षा मी केव्हाही वर ठेवेन.

आणि गाडी तापली का, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. ते मिळवल्याशिवाय दुसरं इंजिन आणलंत तर पुढच्या वैशाखात तेही तसंच जाईल. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बंद झालेल्या असतात. आपल्याकडे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं जातं आणि कूलंट कोणी घालत नाही. वॉटर पंपाची पंखी झिजलेली असते. पंख्याभोवतीचं कव्हर कधीतरी काढलेलं असतं आणि परत बसवलेलं नसतं. थर्मोस्टॅट "गाडी तापते" म्हणून काढून टाकलेला असतो, मग इंजिन एरवी कधीच योग्य तापमानाला येत नाही. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेणं किंवा नवीन जाळी बसवणं हा खर्च इंजिनच्या खर्चातच धरा. तापमानाचा काटा बरोबर दाखवतो का तेही बघा, कारण चढावर काटा वेळेत वर गेला असता तर तुम्ही गाडी थांबवलीच असती.

आता धरून चालू की ब्लॉक खरोखर तडकलाय. मग काय शोधायचं?

तुमच्या जीपमध्ये एक्सडीपी 4.90 आहे. नाव कोड्यासारखं वाटलं तरी साधं आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 83 मिलिमीटर. यावरून 2112 सीसी निघतात, आणि तोच आकडा तुमच्या आरसीवर असणार. महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर 1979 मध्ये तांत्रिक करार करून हे इंजिन आणलं आणि ऐंशीच्या दशकात ते इगतपुरीला बनू लागलं. म्हणजे तुमच्या इंजिनचं माहेर तुमच्या घरापासून फार लांब नाही. याच घराण्यातलं मोठं भावंड म्हणजे एक्सडी3पी. बोअर 94, स्ट्रोक 90, म्हणजे 2498 सीसी. ते आर्माडामध्ये, एमएम 550 मध्ये आणि सुरुवातीच्या बोलेरोत आलं.

गॅरेजवाला ज्याला डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, म्हणतोय ते मात्र वेगळ्या घरचं आहे. त्याचा बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 101.6. हे आकडे विचित्र वाटतात कारण ते मुळात इंचांत आहेत, साडेतीन इंच आणि चार इंच. त्याचा वंश ट्रॅक्टरचा. 1963 मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-275 हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या इंजिनचा स्ट्रोकही चार इंचच. ते इंजिन जीपमध्ये एमडी 2350 म्हणून आलं, आणि पुढे बोअर वाढवून, डायरेक्ट इंजेक्शन करून 2523 सीसीचं डीआय झालं. गॅरेजवाल्याला ते आवडतं याचं मला नवल वाटत नाही. कमी आरपीएमला ताकद देतं, डिझेल कमी पितं, हिटर प्लगची कटकट नाही आणि सुटे भाग प्रत्येक बाजारगावात मिळतात. इंजिन म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही.

पण तुमच्या जीपला ते सरळ बसत नाही. प्यूजोचं बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनला जुळणारं तोंड, वेगळं, डीआयचं वेगळं. म्हणूनच तो गिअरबॉक्ससकट देतो म्हणतोय. तुमच्याकडे केएमटी-90 हा चार गिअरचा बॉक्स आहे आणि त्याच्या मागे ट्रान्सफर केस, जिथून पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला शाफ्ट जातात. रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो टू व्हील ड्राइव्ह असतात. त्यांच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नसतोच. म्हणजे गॅरेजवाल्याचा तो जोड जसाच्या तसा बसवला तर तुमची फोर व्हील जीप टू व्हील होणार. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पावसात, चिखलाच्या शेतवाटेवर, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. त्याला हे स्पष्ट विचारा: माझा ट्रान्सफर केस कुठे जाणार? उत्तर "बघू" असं आलं तर बोलणं तिथेच थांबवा.

ट्रान्सफर केस जुळवलाच, तरी पुढे कामं निघतात. इंजिन फाउंडेशनचे ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करायचे, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कमीजास्त करून बॅलन्स करायचे. संप, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, पुढच्या डिफरन्शिअलला लागतो का बघायचं. पाटे पूर्ण दबल्यावर ॲक्सल किती वर येतो ते मोजायचं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात संप फुटतो. ब्रेक बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप लागतो, कारण डिझेल इंजिन पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम देत नाही. सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे होज, ॲक्सिलरेटरची तार, क्लचची जोडणी. भंगारवाल्याने सांगितलेल्या इंजिनच्या किमतीत यातलं काहीच नसतं, आणि बरेचदा हाच खर्च इंजिनपेक्षा मोठा होतो.

डिफरन्शिअलच्या रेशोचाही प्रश्न आहे. प्यूजो वर पळणारं इंजिन, डीआय खाली ओढणारं. वर पळणाऱ्या इंजिनसाठी दिलेला रेशो खाली ओढणाऱ्याला दिला तर गाडी चढेल छान, पण संगमनेरच्या डांबरी रस्त्यावर इंजिन ओरडायला लागेल आणि मिळायचं ते मायलेजही मिळणार नाही. तुमचा रेशो घरी मोजता येतो. गाडी सपाट जागेवर घ्या, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू व्हीलला, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक सोडा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला. जॅकच्या बाजूला ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवा. गाडीखाली डोकं घालणाऱ्याने नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. तोच तुमचा डिफरन्शिअलचा, म्हणजे क्राउन-पिनियनचा, रेशो. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेरे घ्यायचे, एक नाही.

चुलतभावाच्या जपानी डिझेलबद्दल मी फार लिहीत नाही. शर्यतीसाठी गाडी बनवणाऱ्याला त्यात आनंद असेल. खताची पोती वाहणाऱ्या जीपला ॲडॅप्टर प्लेट, परदेशी सुटे भाग आणि आरसीशी कसलंच नातं नसलेलं इंजिन नको. नव्या बोलेरोचं कॉमन रेल इंजिनही कोणी सुचवलं तर नाही म्हणा. ते ईसीयू (इंजिनचा संगणक), सेन्सर आणि वायरिंगच्या पूर्ण जाळ्याशिवाय चालत नाही.

म्हणून माझा क्रम असा. प्रेशर टेस्ट करून स्वतःचं इंजिन वाचतं का बघणं पहिलं. नाही वाचलं तर दुसरं एक्सडीपी 4.90, शक्यतो पूर्ण, नाहीतर निदान हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन, ज्यावर तुमचं तपासलेलं हेड आणि तुमचाच पंप बसेल. एक्सडी3पी त्यानंतर, आणि तेही आरटीओने आधी लेखी हो म्हटलं तरच, कारण घराणं एक असलं तरी सीसी बदलतात. डीआय सगळ्यात शेवटी.

एक्सडीपी मिळेल कुठे? महाराष्ट्रात जुन्या जीपा जिथे वडापला चालल्या, त्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या गॅरेजांच्या मागच्या अंगणात चौकशी करा. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आहे. बाहेर बघायचं तर केरळात इडुक्कीच्या डोंगरात अजून जीपा रोज राबतात, त्यामुळे तिथे त्यांचे भाग आणि जाणकार दोन्ही आहेत. हरियाणातली मंडी डबवाली जुन्या जीपा बांधण्यासाठीच ओळखली जाते. पण लांबून इंजिन मागवायचं तर स्वतः जाऊन बघा किंवा तुमचा मेकॅनिक पाठवा. फोटोवर इंजिन घेऊ नका. माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातली, बॉडी कुजलेली पण इंजिन चालू असलेली एमएम 540 अख्खी विकत घेणं. इंजिन चालताना ऐकता येतं, मालक समोर असतो, आरसी हातात येते, शिवाय गिअरबॉक्स, ॲक्सल, सेल्फ असा सुट्या भागांचा साठा घरी येतो. मात्र त्या गाडीचं रजिस्ट्रेशन रीतसर रद्द करून घ्यायची जबाबदारी तुमच्या मागे लागते, ती टाळू नका.

जाताना एक मोठा पुठ्ठा बरोबर घ्या. तुमच्या गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर तो धरून बोल्टच्या छिद्रांचा आणि डॉवेल पिनांचा ठसा घ्या, मधोमध इनपुट शाफ्टचं केंद्र खुणावून ठेवा. समोरच्या इंजिनच्या मागच्या तोंडावर पुठ्ठा लावला की जुळतं की नाही ते दोन मिनिटांत कळतं, मग विकणारा काहीही म्हणो. क्लच प्लेट उतरवलेली असेल तर तीही न्या. फ्लायव्हीलवर तिचा व्यास बसतो का, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग इनपुट शाफ्टच्या मापाचं आहे का, सेल्फ कोणत्या बाजूला बसतो आणि रिंग गिअरचे दाते सारखे आहेत का, हे बघा. संपचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, हेही. टू व्हील गाडीतून निघालेल्या इंजिनचा संप तुमच्या पुढच्या ॲक्सलवर येऊ शकतो. तुमचा जुना संप त्यावर चढत असेल तर काम झालं.

इंजिनची तब्येत बघताना ते थंड असतानाच सुरू करायला लावा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर थांबा, थंड होऊ द्या. सुरू झाल्यावर निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जातंय. ऑइल भरायचं झाकण काढा: तिथून भसाभस हवा येत असेल तर रिंगा आणि बोअर गेलेले आहेत. हिटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एकटा आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. इंजिन सुरू करून दाखवण्याची सोय नसेल तर निदान क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा, पुली पुढे-मागे ओढून खेळ तपासा आणि किंमत सरळ "पूर्ण काम करावं लागणारं इंजिन" अशी धरा.

आता कागद. इथे मी थोडा कडक बोलणार आहे.

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. आरसीवर इंजिन नंबर असतो, इंधन असतं, सीसी असतात. एक्सडीपीच्या जागी एक्सडीपी टाकलं तर उत्पादकाने दिलेलं सगळं तसंच राहतं, फक्त इंजिन नंबर बदलतो. डीआय टाकलं तर 2112 चे 2523 होतात. तुमच्या जीपला एक्सडीपीच का शोधायचं, याचं खरं कारण हे. गिअरबॉक्स नंतर.

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. म्हणून "आम्ही इंजिन नाही बदललं, नुसता ब्लॉक बदलला" हे कागदाच्या दृष्टीने इंजिन बदलणंच आहे. काही जण अशा वेळी नव्या ब्लॉकवरचा नंबर घासून जुना नंबर पंच करून देतो म्हणतात. असं म्हणणाऱ्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. तो गुन्हा आहे, आणि घासलेला नंबर पासिंगच्या वेळी, अपघातानंतर किंवा गाडी विकताना उघडा पडतोच. चोरीच्या गाडीवर हीच खूण असते, मग तुमच्या प्रामाणिकपणाची साक्ष द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तोडून भाग विकण्यासाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. तिथून निघालेली इंजिनं कुठल्या कुठल्या गाड्यांत गेली असतील याचा विचार करा.

म्हणून इंजिन ठरवल्यावर, पैसे देण्याआधी, त्याचा नंबर स्वतः वाचा आणि पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सेवेवर इंजिन किंवा चासी नंबर टाकून गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते बघता येतं. ती पावती छापून ठेवा. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर हवाच. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती मोडीत काढल्याचा कागद मागा. "एवढं कोणी मागत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे चला. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि बिल नसणं हे तुमच्याविरुद्ध जातं.

मग श्रीरामपूरच्या आरटीओत जा. तुमची गाडी एमएच 17 असणार. इंजिन बसवण्याआधी जा. परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीतल्या बदलाचा अर्ज असतो. त्याबरोबर आरसी, विमा, पीयूसी, इंजिनचं बिल आणि ठसा जोडा. गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला असेल तर त्या बँकेची संमती लागते. परवानगी आली की इंजिन बसवा, गाडी तपासणीला न्या, आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. परवानगीशिवाय बदल झालाच तर 14 दिवसांच्या आत कळवून आरसी द्यावी लागते असं कायदा म्हणतो, पण त्या वाटेने जाऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसी बदलल्यावर विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

हे सगळं 2028 च्या पासिंगच्या आधी, शांतपणे करा. पासिंगच्या तोंडावर इंजिन बदललं तर दोन कामं एकमेकांत अडकतात. धुराची चाचणी पण लक्षात ठेवा: तुमच्यासारख्या जुन्या डिझेल गाडीला 65 हार्ट्रिजची (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा आहे. इंजेक्टर आणि पंप टेस्ट बेंचवर लावून घेतले तर चांगलं प्यूजो त्यात सहज बसतं.

इंजिन बसल्यावर पहिले काही दिवस माल न घालता चालवा, चढावर जोर देऊ नका, पहिलं ऑइल 500 किलोमीटरच्या आसपासच बदला आणि गॅस्केटच्या कंपनीने सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट परत कसून घ्या. पाणी रोज सकाळी, इंजिन थंड असताना बघा.

आईंच्या म्हणण्याबद्दल. त्या चुकीचं बोलत नाहीयेत. चासी गंजून पाट्यांच्या हँगरजवळ किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी तडे गेले असतील तर या गाडीत इंजिनचा खर्च घालू नका, मग आईंचंच ऐका. इंजिन उतरलेलं असताना चासी पूर्ण दिसते, तेव्हाच ती घासून, हातोडीने ठोकून बघा. आवाज खणखणीत आला आणि कुठे पापुद्रे निघाले नाहीत, तर त्यांना तो आवाज ऐकवा आणि खर्चाचा पूर्ण कागद समोर ठेवून बोला, नुसत्या इंजिनच्या किमतीचा नव्हे.

तुमचा जुना ब्लॉक मात्र एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत तो, नंबरासकट, घरी राहू द्या. तपासणीच्या वेळी जुनं इंजिन कुठे गेलं असं विचारलं तर दाखवता येतं. नंतर ब्लॉक द्यायचा असेल तर पावती घेऊन द्या, आणि क्रँक, पंप, सेल्फ, मॅनिफोल्ड, टायमिंगचे गिअर ठेवून घ्या. ऑइल लावून, पोत्यात बांधून, कोरड्या जागी.